वगळलेला जांभळा

मी जात्याच भित्री. लोक पालीला भितात, विंचवाला भितात, मी शाईच्या थेंबाला भीत असे. हसू येईल कुणाला, पण ज्याचं पोट शाईवर चालतं त्याला विचारा. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी आमच्या तालुक्याच्या गावी नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होते. वाशीमचा जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्याचे. मॅट्रिक झाले होते, ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि आमच्या वस्तीत पगाराची नोकरी लागलेली पहिली पोरगी मीच. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. माझी नेमणुकीची ऑर्डर तीन-तीन महिन्यांची असे. तिसरा महिना लागला की मला जेवण जात नसे.

काम असं. कपड्यावर चिकटवलेले गावोगावचे जुने नकाशे असत, त्यांना आम्ही शीट म्हणायचो. शीटवर मेणचट निळसर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची. टोकदार निब, श्वास रोखलेला, पंखा बंद. थेंब पडला तर ब्लेडनं खरवडायचा, आणि खरवडताना कापड फाटलं तर सगळं केलेलं काम मातीत. मी थेंब पडायच्या आधीच घाबरून हात काढून घ्यायची, मग रेघ तुटायची, मग तुटलेल्या रेघेची भीती. असा सगळा आनंद होता.

त्या उन्हाळ्यात वरून कागद आला की साठ गावांचे नकाशे अकोल्याला पाठवा, तिथे त्यांचे फेरो काढायचे आहेत. फेरो म्हणजे निळ्या कागदावर उमटणारी पांढरी नक्कल, एकाच्या पाहिजे तितक्या. अडचण अशी की फेरोला रंग कळत नाहीत. रेघ आहे किंवा नाही, एवढंच त्याला समजतं. आणि आमच्या जुन्या शीटवर तर सात रंग: नदीनाल्यांना निळा, शिवेला लाल, रस्त्यांना पिवळा, ई-क्लासच्या सरकारी चराईला हिरवा, शिवाय गुलाबी, तपकिरी, जांभळा. प्रत्येक रंगाला वेगळ्या जातीची रेघ द्यायची म्हणजे कुठे तुटक, कुठे लहरी, कुठे ठिपके. सात रंगांच्या सात जाती करत बसलो असतो तर दोन उन्हाळे पुरले नसते.

साहेब देशावरचे, शांत माणूस, पान खायचे आणि हळू बोलायचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं की चार रंग ठेवू, बाकीचे वगळू, कोणते ठेवायचे त्याची यादी तुम्हीच करा. माझी ऑर्डर संपायला बावीस दिवस होते. मला वाटलं, देव पावला. देव वगैरे आमच्या घरात छप्पन सालीच सुटला होता, पण वाटलं खरं.

यादी करायला मी साठही शीट उलगडून पाहिल्या. निळा, लाल, पिवळा, हिरवा यांना हात लावायची सोय नव्हती. गुलाबी म्हणजे गावठाण, ते घरांवरून कळतंच. तपकिरी म्हणजे टेकड्या, त्या काही पळून जात नाहीत. राहिला जांभळा. तो इतका फिका पडला होता की कुणी ओला पेला ठेवून उचलावा तसा डाग दिसे. शीटच्या कोपऱ्यातला रंगांचा खुलासा वाळवीनं खाल्लेला. काही जांभळ्या डागांवर ‘स्मशान’ म्हणून अक्षरं होती. म्हटलं, अक्षरं आपण उतरवणारच, मग रंग कशाला? ज्या डागांवर अक्षरं नव्हती, ते काय असतील याचा मी विचारच केला नाही. साहेबांनी यादीखाली लिहिलं, ‘चार रंग ठेवावेत, बाकीचे वगळावेत,’ आणि सही केली.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक चाचा बसत. बाजाराच्या गल्लीतले, हातात कसब असलेले, कचेरीत तीस वर्षं काढलेले. साठांपैकी वीस गावं त्यांच्याकडे, चाळीस माझ्याकडे. त्यांची चाल बैलगाडीची. मी एक युक्ती काढली होती. आधी फक्त निळा. चाळीसही शीटवर एकामागून एक नुसतं पाणी उतरवायचं. मग फक्त लाल. निब बदलायला नको, रेघेची जात बदलायला नको, हात बसला की बसला. गावाचं नावही वाचायला नको, शीटचा नंबर पुरे. चाचांनी दोन दिवस पाहिलं आणि मग म्हणाले, “बेटा, रंग रंग नको करू. एक गाव घे, ते पुरं कर, मंग दुसरं घे. गावात लोक राह्यतात, रंगात नाई राह्यत.”

म्हातारी माणसं अशीच बोलतात, असं मी मनात म्हटलं. तोंडावर ‘हो चाचा’ म्हटलं, कारण भित्र्या माणसाला ‘हो’ म्हणायची सवयच असते. माझे चाळीस झाले तेव्हा त्यांचे अकरा झाले होते. साहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, चाचांना कानपिचक्या दिल्या, आणि माझी ऑर्डर पुढे गेली. मी वडिलांसाठी पावशेर जिलेबी नेली.

पावसाळा होऊन गेला. कापसाच्या दिवसांत एका दुपारी मामा कचेरीच्या दारात उभा. मामाचं गाव कामरगावच्या बाजूला, एसटीनं दीड तास आणि मग पायवाट. तो कधी तालुक्याला येत नसे, आणि आला तरी कचेरीच्या पायरीवर चढत नसे. त्या दिवशी मात्र चढला, कारण भाची आत होती. शिपायाला त्यानं ते दोनदा सांगितलं. धोतराच्या सोग्यातून त्यानं निळा कागद काढला. फेरो होता, ग्रामपंचायतीनं दिलेला. गावाबाहेर नाल्याकाठी मोकळी जागा आहे, तिथे बाजाराचे ओटे बांधायचे असं पंचायतीचं ठरलं होतं. मामा म्हणत होता की ती जागा मोकळी नाही, ती आपली मसणवटी आहे. सरपंचानं शांतपणे कागद पुढे केला होता की दाखवा, कुठे आहे.

मामाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो कागद माझ्या टेबलावर पसरला, खरबरीत हातानं सुरकुत्या काढल्या आणि मोठ्या विश्वासानं म्हणाला, “बाई, तुयाच हापिसातला हाय ना हा? आता दाखव बरं, आपली मसनवटी कुठी हाय ह्यात.”

मी पाहिलं. नाला होता, पाण्याच्या लहरी रेघा, सुरेख. शीव होती. गाडवाट होती. नाल्याच्या वळणात, जिथे मामाचं बोट टेकलं होतं, तिथे काहीच नव्हतं. नुसता निळा कागद. आणि प्रत्येक रेघ माझ्या हातची होती, माझी रेघ मी अंधारातही ओळखली असती. मी म्हटलं, मामा, जुनी शीट काढून पाहावी लागेल, वेळ लागेल. तो म्हणाला, पाह्य, घाई नाही, पण पुढल्या महिन्यात दगड पडून राह्यले. आणि मग निघण्याआधी, मागवलेला चहा बशीत ओतता ओतता, सहज म्हणाला की तुही माय बी तिथंच हाय ना.

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. आई माहेरी बाळंतपणाला गेली आणि तिथेच गेली. मी चार वर्षांची. आमच्यात बायका मसणवटीत जात नसत. मयत उचललं की वेशीपर्यंत रडत जायचं आणि तिथून मागे फिरायचं. पुढे काय आहे, कुठे आहे, ते पुरुषांनी पाहायचं. मामाच्या गावी मी किती उन्हाळे काढले, नाल्यात खेकडे धरले, पण त्या वळणापलीकडे मला कुणी नेलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या जागी एखादा पुरुष ट्रेसर असता, आमच्यातला नसता तरी चार गावांत खांदा दिलेला असता, तर बिनअक्षरी जांभळा पाहून त्याचा हात थबकला असता. माझा थबकला नाही.

मामा गेल्यावर मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. शीट काढली. नाल्याच्या वळणात डाग होता, फिका, पेल्याच्या बुडाएवढा. त्यावर एक अक्षर नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला पाटलाच्या आंबराईजवळ ‘स्मशान’ असं वळणदार लिहिलेलं होतं. जुन्या काळी ज्या कुणी तो नकाशा केला, त्याला आमच्यासाठी शब्द लिहावासा वाटला नव्हता, नुसता रंग दिला होता. तो रंगही मी काढून घेतला. मी बाकीच्या शीट काढत गेले. चाळिसांत अशी अकरा गावं निघाली. कुठे आमची मसणवटी, कुठे छोटं कब्रस्तान. अकरा. मी तिथेच फरशीवर बसले.

मग अकोल्याहून परत आलेल्या गठ्ठ्यातली चाचांची गावं पाहिली. त्यांच्या विसांतही तसे डाग होते, आणि त्यांच्या प्रत्येक ट्रेसिंगवर त्या जागी बारीक ठिपक्यांची कड होती. यादीत नसलेला रंग त्यांनी गुपचूप उतरवला होता, म्हणून त्यांना उशीर झाला होता, म्हणून त्यांनी बोलणी खाल्ली होती. मी त्यांना विचारलं की मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, सांगितलं होतं.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. शिपायानं हाक मारली की वाटे, कळलं. साहेब पान थुंकायला उठले की वाटे, आलेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. बाजारात कुणी बाई माझ्याकडे पाहून हसली तरी मला वाटे ही त्या अकरांतल्या एका गावची. वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. माझ्या पगारावर त्यांनी हमालीची दुसरी पाळी सोडली होती, पाठ धरली होती त्यांची. मी गप्प बसले तर काय होईल, ते मला पक्कं ठाऊक होतं: मला काहीच होणार नव्हतं. हीच सगळ्यात मोठी भीती होती. ओटे बांधले जातील, त्यावर मिरच्या-वांगी विकली जातील, आणि मी रेघा मारत राहीन.

नवव्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. टेबलाची कड धरली. सगळं सांगितलं, यादी, डाग, अकरा गावं. आई मात्र सांगितली नाही. साहेबांनी फाइल मागवली, स्वतःची सही पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, “इथे ‘वगळावेत’ लिहिलंय, तुम्ही वगळलंत. कागदोपत्री चूक नाही. चूक आहे असं तुमचं म्हणणं असेल तर लेखी द्या. पण लेखी दिलंत, तर पुढच्या ऑर्डरबद्दल माझ्या हातात काही राहणार नाही.”

ते धमकी देत नव्हते. ते खरं सांगत होते, आणि त्यांचा चेहराही माझ्यासारखाच घाबरलेला होता. मोठ्या पगाराची माणसंही भितात, हे मला त्या दिवशी कळलं, पण त्यानं धीर काही आला नाही.

घरी आले. वडील ओसरीवर पाठ शेकत बसले होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील, निदान ‘पोरी, नोकरी सांभाळ’ म्हणतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं असं मला आतून वाटत होतं. ते म्हणाले, “लिवून दे. तुया मायले मीच खांद्यावर नेलं होतं तिथं. मले माहीत हाय ते जागा मोकळी नाई.” मग त्यांनी तोंड फिरवलं. आईबद्दल ते त्याआधी माझ्याशी कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं. सही करताना निबेतून शाई सांडली नाही, एवढं आठवतं.

साहेबांनी, त्यांना श्रेय द्यायलाच हवं, अर्ज दाबला नाही. अकरा गावांची जागेवर मोजणी करून ट्रेसिंग दुरुस्त करायचा हुकूम काढला, आणि पंचायतीला ओटे थांबवायचं पत्र गेलं. पहिलं गाव मामाचं. मोजणीदाराबरोबर जुनी शीट घेऊन ट्रेसरनं जावं, असं ठरलं. चाचांचे गुडघे दुखत, म्हणून मी.

एसटीत मी शीटची गुंडाळी मांडीवर घट्ट धरून बसले होते. वाटेत प्रत्येक थांब्यावर वाटे, उतरून मागे फिरावं. मोजणीपेक्षा, सरपंचापेक्षा मला मामाची भीती होती. त्याला अजून माहीत नव्हतं की ती जागा कागदावरून कुणी पुसली. तो सरकारला शिव्या देत होता आणि मला गूळ-शेंगदाणे पाठवत होता.

नाल्याकाठी वस्तीतली माणसं जमली होती, सरपंच आणि त्यांचे दोघं-तिघं पलीकडे उभे. मी मामाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की मामा, हे सरकारनं नाही केलं, मी केलं. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मार खाल्लेला परवडला असता. मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि मोजणीदाराला म्हणाला, चला.

मोजणीदारानं मोजणीची साखळी काढली. एक टोक त्याच्या गड्याकडे, दुसरं माझ्याकडे. शीट धरून जागेत मीच जायला हवं होतं, डागाची कड कुठे येते ते मलाच वाचता येत होतं. मी पाऊल उचललं तसा वस्तीतला एक म्हातारा बोलला की बाई मानसानं आत जायचं नसते. मी जागच्या जागी थिजले. खरं तर मला ते बरंच वाटलं, परत फिरायला कारण मिळालं. पण मामानं मान वर न करता उत्तर दिलं, “तिच्याच हातानं गेली जागा. तिच्याच हातानं येऊ द्या.”

मी आत गेले. काटेरी झुडपं, तरोट्याचं रान, मधे मधे दगडांचे ढीग, कुठे खचलेली माती. मी शीटवर नजर ठेवून चालत होते, वर बघायची छाती नव्हती. मामा माझ्या मागून येत होता. एका हिवराच्या झाडाजवळ त्यानं माझा दंड धरला.

“सांभाळून,” तो म्हणाला. “इथं हाय तुही माय.”

मी पायांखाली पाहिलं. चार दगड होते, अर्धे मातीत गेलेले. मी दोन पावलं मागे सरले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आली ती भीतीच, की मी आता हलले तर पुन्हा ही जागा मला सापडणार नाही. मोजणीदारानं पलीकडून हाक मारून विचारलं की कोपऱ्याचा दगड झाडापासून साखळीच्या किती कड्यांवर. मी साखळी ओढली, मोजून सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही कोपरे बसले आणि सरपंचानं पंचनाम्यावर सही केली.

अकरा गावांची दुरुस्ती करायला मला दोन महिने लागले. एका वेळी एक गाव, चाचांच्या पद्धतीनं, प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचून. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ऑर्डर आली नाही. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, खाली मान घालून. वडील पुन्हा दोन पाळ्या करू लागले. मी पुढे शिवण शिकले, मग बालवाडीवर लागले, ते वेगळं.

मामाच्या गावच्या ट्रेसिंगवर मी जागेची कड ठिपक्यांनी काढली, बाकी दहा गावांवर काढली तशीच. फक्त तिथे कडेच्या आत एक ठिपका जास्तीचा आहे, हिवराच्या झाडाखाली, कोपऱ्याच्या दगडापासून मोजून. त्याचा खुलासा कुठे लिहिलेला नाही आणि तपासताना साहेबांनी विचारला नाही. जन्मभर मी शाईचा थेंब पडू नये म्हणून भीत आले, हा एक तेवढा मी हातानं टाकला. अजूनही मध्येच कधी दचकायला होतं, की ते ट्रेसिंग कुणा नव्या पोरीच्या टेबलावर येईल, तिला वाटेल चुकून शाई सांडली आहे, आणि ती ब्लेड घेईल.